चुकलेलं यथार्थदर्शन

"काका, या चित्राचं पर्स्पेक्टिव्ह चुकलंय ना?"

विचारणारी मुलगी आमच्याच इमारतीत राहते. गेल्या वर्षी ती बारावीला होती. तिच्या शाळेत सीबीएसईचा अभ्यासक्रम, आणि तिनं पेंटिंग हा विषय घेतलेला. लेखी परीक्षा ३० गुणांची आणि प्रात्यक्षिक ७० गुणांचं. लेखीत राजस्थानी-पहाडी, मुघल-दख्खनी, बंगाल शैली आणि मग आधुनिक काळ, असा भारतीय चित्रकलेचा इतिहास. प्रात्यक्षिकात वस्तुचित्र, चित्ररचना आणि वर्षभराच्या कामाचा पोर्टफोलिओ. माझ्याकडे जुन्या चित्रांची पुस्तकं आहेत हे तिला तिच्या आईकडून कळलं होतं, म्हणून ती आली होती.

तिच्यासमोर उघडं होतं 'सलीमचा जन्म' हे अकबरनाम्यातलं चित्र. चित्रकार रामदास. वरच्या भागात बाळंतिणीचा पलंग आणि बायकांची लगबग, मध्ये नगारे आणि वाद्यं, खाली दाराबाहेर दान घ्यायला जमलेली गर्दी. भिंती अशा की जणू आपण गच्चीवरून आत डोकावतोय, आणि माणसं मात्र अगदी समोर उभी असल्यासारखी. लांबची माणसं जवळच्या माणसांहून लहान नाहीत. त्याच दिवशी सकाळी या मुलीनं मग, दोन कांदे आणि चुण्या पडलेलं कापड मांडून तीन तास वस्तुचित्राचा सराव केला होता. मगाच्या तोंडाचं लंबवर्तुळ नीट यावं म्हणून चार वेळा खोडलं होतं. संध्याकाळी इतिहासाचं पुस्तक उघडलं, तर तिथं जगन्मान्य म्हणून छापलेल्या चित्रात सकाळचा एकही नियम पाळलेला नव्हता. तिचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता.

मला लगेच उत्तर देता आलं नाही. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण हाच प्रश्न चाळीसएक वर्षांपूर्वी माझ्या एका चित्राबद्दल विचारला गेला होता.

मी मूळचा औंधजवळचा, सातारा जिल्ह्यातला. १९८३ साली नववीत असताना इंटरमिजिएटला बसलो. स्मरणचित्राच्या सरावासाठी सरांनी विषय दिला, 'जत्रा'. आम्हाला जत्रा म्हणजे पौषातली यमाईची. मी डोंगर काढला, देऊळ काढलं, पायऱ्या काढल्या. दुकानांची रांग वरून पाहिल्यासारखी काढली, म्हणजे कुठल्या पालात बत्तासे, कुठल्या पालात बांगड्या ते दिसावं. माणसं मात्र समोरून, आणि माझे आजोबा दोनदा. एकदा पायथ्याशी, एकदा देवळात. कारण ते दोन्हीकडे होते. सरांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अरे, तुझी नेत्रपातळीची रेषा कुठं आहे?" वर्ग हसला. परीक्षेतही मी तसंच काहीतरी काढलं असणार. मला सी श्रेणी मिळाली. त्यानंतर मी चित्रं काढणं सोडलं आणि दहावीनंतर एका छापखान्यात लागलो. चित्रांशी संबंध राहिला तो छापण्यापुरता. पुढे वाचत गेलो, पाहत गेलो. जे काही कळलं ते असं मागच्या दारानं.

सरांना दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही. ते त्यांना शिकवलं गेलं तेच शिकवत होते, आणि ते शिकवणं टाकाऊ नव्हतं. ज्यांनी या परीक्षा दिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय. आमच्या वेळी एलिमेंटरीला मुक्तहस्तचित्रही असे. मधोमध उभी रेषा मारायची आणि डावीकडची वेलबुट्टी उजवीकडे तशीच्या तशी उतरवायची. आता तर इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला दहावीत ७ गुण, बीला ५ आणि सीला ३ मिळतात, त्यामुळे चित्रकलेचा ओढा नसलेली मुलंही बसतात.

यात वस्तुचित्र हा खरा कणा. पेला डोळ्याच्या पातळीवर धरला की त्याचं तोंड नुसती आडवी रेषा दिसते. पेला खाली नेत जावा तसं ते तोंड उघडत जातं, लंबवर्तुळ फुगत जातं. म्हणून पेल्याच्या तळाची गोलाई तोंडाच्या गोलाईपेक्षा जास्त काढायची. हे एकदा डोळ्यांना कळलं की जन्मात विसरत नाही. मन सांगतं की पेल्याचं तोंड गोल आहे, आणि डोळा सांगतो की ते आत्ता गोल दिसत नाही. मनाला गप्प बसवून डोळ्याचं ऐकायला ही परीक्षा शिकवते. मोठीच गोष्ट आहे ती. अडचण एवढीच की हा पाहण्याचा एक रिवाज आहे असं कुणी सांगत नाही. 'बरोबर' आणि 'चूक' याच शब्दांत तो शिकवला जातो.

हा रिवाज आला कुठून? सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली मुंबईत कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली त्यांच्या नावाच्या कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. तिच्यामागे आदर्श होता लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. तिथं हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी इंग्लंडभरच्या कलाशाळांसाठी २३ पायऱ्यांचा एक अभ्यासक्रम बसवला होता. आधी सरळ रेषा आणि भूमिती, मग सपाट नक्षीची नक्कल, मग घन वस्तू, मग छायाप्रकाश, मग रंग, आणि शेवटी नक्षीची स्वतःची रचना. चित्रकार घडवणं हा यामागचा मुख्य हेतू नव्हता. कारखान्यांना नक्षीकार हवे होते, कापड आणि चिनी मातीची भांडी खपायला हवी होती. आपल्या शाळेतलं वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती हे त्रिकूट या घराण्यातलं आहे. ते समोर ठेवलं की कर्तव्यभूमितीचा पेपर चित्रकलेच्या परीक्षेत काय करतो, या पिढ्यानपिढ्या पडणाऱ्या कोड्याचा उलगडा होतो.

या अभ्यासक्रमात कलेच्या इतिहासाला जागा नव्हती. पण गंमत अशी की भारतीय कलेचा इतिहास हातानं शिकण्याचा एक फार मोठा प्रयोग याच शाळेत घडला.

१८६५ साली जॉन ग्रिफिथ्स नावाचे चित्रकार जे.जे.मध्ये शिकवायला आले. त्याच वर्षी रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंगही आले होते. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून मोठमोठ्या प्रतिकृती केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. काम पुन्हा करायचं ठरलं, आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पुढे नामांकित झालेले पेस्तनजी बोमनजी त्या तुकडीत होते.

हे विद्यार्थी शाळेत काय शिकून गेले होते? लंबवर्तुळ, छायाप्रकाश, ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे. आणि समोर काय होतं? पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. खांद्यापासून बोटापर्यंत न तुटता आलेली रेषा, छाया जवळपास नाही, आणि नाकावर नुसता उजळ रंगाचा एक स्पर्श देऊन आणलेला उठाव. आजूबाजूला वाडे, झाडं, माणसं एकमेकांत मिसळलेली, चौकट नाही. मी या मुलांचा फार विचार करतो. अंधारात पाठीला रग लागेपर्यंत भिंतीसमोर उभं राहून ते एक एक बोट उतरवत होते. नक्कल करताना हाताला आपली सवय सोडावी लागते. छाया द्यायला गेलं की चित्र बिघडतं, हे त्या मुलांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. प्रतिकृती बिघडली तेव्हाच ते कळलं असणार.

भिंतही त्यांना वाचावी लागली. अजिंठ्याचं काम ओल्या चुन्यात रंग मुरवण्याचं नाही. खडबडीत दगडावर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर पांढरा पातळ लेप, तो वाळल्यावर डिंका-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. काव, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, पांढरा. नंतरच्या काळात दूरवरून आलेला निळा लाजवर्द. जो रंग जवळच्या डोंगरात मिळतो तो भरपूर आणि जो बाहेरून येतो तो मोजून, हे कळलं की चित्रातला निळा आपण वेगळ्याच आदरानं पाहतो.

त्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. तेरा वर्षांचं काम. उरलेल्यांवरून आणि टिपणांवरून ग्रिफिथ्सचं अजिंठ्यावरचं दोन खंडांचं पुस्तक १८९६-९७ मध्ये निघालं. छतावरची कमळं, हंस, बैल, फळं यांची नक्षी त्यात सुटी सुटी करून छापली होती. जे.जे.च्या कुंभारकामाच्या भांड्यांवर ती नक्षी आली. संकल्पचित्राच्या पेपरात मी स्वतः चौकोनात कमळ आणि हंस किती वेळा बसवले असतील याची गणती नाही. पण ते हंस कुठल्या घराण्यातले असू शकतात हे मला कुणी सांगितलं नाही. हातात वारसा होता, आणि त्याचं नाव दुसऱ्याच खोलीत ठेवलेलं होतं.

ही दुसरी खोली कशी तयार झाली तेही थोडक्यात पाहू. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत १८९६ मध्ये ई. बी. हॅवेल आले आणि त्यांनी युरोपी नमुने बाजूला सारून मुघल चित्रं विद्यार्थ्यांपुढे ठेवली. अवनींद्रनाथ ठाकुरांशी त्यांचा स्नेह जुळला आणि बंगाल शैली उभी राहिली. आनंद कुमारस्वामींचा राजपूत चित्रकलेवरचा ग्रंथ १९१६ चा. राजस्थानी आणि पहाडी ही जोडनावं आज मुलं पाठ करतात, त्या विभागणीचा पाया त्या ग्रंथात आहे. भारतीय कला ही युरोपी कलेची कच्ची, फसलेली आवृत्ती नाही हे सिद्ध करण्याची तेव्हा गरज होती. ते काम लेखणीनं झालं आणि उत्तम झालं. मुंबईत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या दशकात भित्तिचित्रांचा वर्ग चालवून आपल्या परीनं भारतीय वळण आणलं. तरीही शाळाशाळांतल्या रेखाकलेचा साचा जुनाच राहिला, आणि कलेचा इतिहास मोठ्यांच्या ग्रंथांत वाढला.

अपवाद शांतिनिकेतनचा. नंदलाल बोस १९०९ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याच्या प्रतिकृती करायला आले होते, आणि पुढे कलाभवनात त्यांनी जे शिकवलं त्यात पाहणं, नक्कल करणं आणि बाहेर जाऊन झाड काढणं यांत भिंत नव्हती. आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी तिथं शिकले आणि तिथंच शिक्षक झाले. पण कलाभवन ही कलेच्या विद्यार्थ्यांची जागा. आठवी-नववीच्या वर्गापर्यंत ती हवा आली नाही.

आता आजच्या शाळेत या. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'भारतीय कलांचा इतिहास' असं एक प्रकरण आहे, आणि ते चांगलं आहे. ते इतिहासाच्या बाई शिकवतात. त्याच शाळेत ड्रॉइंगचे सर वस्तुचित्र शिकवतात. दोघं शिक्षकांच्या खोलीत एका टेबलावर डबा खातात, पण अजिंठ्याबद्दल त्यांचं एकमेकांशी बोलणं व्हायचं काही कारण वेळापत्रकात नाही. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत दोन्ही गोष्टी एका विषयात आल्या आहेत, ही पुढची पायरी आहे आणि तिचं मी स्वागतच करतो. पण त्या एका कव्हरात घातल्या आहेत, शिवलेल्या नाहीत. एकीकडे चित्राचं नाव, चित्रकार, काळ, माध्यम, संग्रह आणि पाच वाक्यांचं वर्णन. दुसरीकडे मग आणि कांदे.

आणि ते वर्णन कशावरून लिहायचं? मी छापखान्यातला माणूस, म्हणून इथं थोडा रेंगाळतो. लघुचित्र वसलीवर केलेलं असतं. वसली म्हणजे कागदाचे थर एकमेकांना चिकटवून केलेला जाड कागद. त्यावर फिकट रेषेत आराखडा, मग पांढऱ्याचा पातळ हात, त्यातून पुसट दिसणारी रेषा पुन्हा नक्की करायची, मग रंगाचे थर. मध्ये मध्ये चित्र पालथं घालून पाठीमागून अकीकाच्या दगडानं घोटायचं, म्हणजे रंग कागदात बसतो आणि चकाकी येते. सोनंही घोटलेलं. चित्र हातात घेऊन थोडं तिरपं केलं की ते सोनं पेटतं आणि विझतं. हे चित्र मुळात भिंतीवर टांगायचं नव्हेच, मांडीवर घेऊन पाहायचं.

चौरंगी छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांवर सगळा संसार. सोन्याचा ठिपका त्यात नसतो, त्यामुळे सोनं होतं मळकट पिवळं. केसाएवढ्या रेषा ठिपक्यांत तुटतात. स्वस्त गाईडमध्ये तर चित्र टपाल तिकिटाएवढं. गंमत म्हणजे किशनगढच्या 'बणी ठणी'चं १९७३ साली खरंच टपाल तिकीट निघालं होतं, आणि मी पाहिलेल्या काही गाईडांपेक्षा ते बरं छापलेलं आहे. शिवाय पुस्तकात भिंतीएवढं अजिंठ्याचं चित्र आणि तळहाताएवढं लघुचित्र एकाच मापात येतात. मुलाला वाटतं दोन्ही एकाच जातीच्या वस्तू. असं चित्र पाहून कुणाला काही वाटण्याची शक्यता कमीच, मग गाईडातलं वर्णन पाठ करण्यावाचून दुसरं काय उरतं?

त्या मुलीबरोबर मी काय केलं ते सांगतो. मी शिक्षक नाही, पण या प्रयोगाला खर्च शून्य आहे आणि कुठल्याही शाळेला तो करता येईल.

आधी 'बणी ठणी'. चित्रकार निहालचंद, आश्रयदाता राजा सावंतसिंह, म्हणजे नागरीदास या नावानं कविता करणारा. हे तिला पाठ होतं. मी म्हटलं, नुसता डोळा उतरव. चौकटी आखून, चौपट मोठा. तिनं काढला. मग म्हटलं, आता हाच चेहरा तुझ्या वस्तुचित्राच्या मापानं काढ, खऱ्या माणसाचा डोळा असतो तेवढाच डोळा ठेवून. तोही काढला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. दुसऱ्या कागदावर एक साधी नाकेली बाई होती. तिचं तिलाच दिसलं की मूळ चित्रात डोळ्याची रेषा कानाकडे निघाली आहे, भुवई तिच्यावर कमान धरते, नाक आणि हनुवटी दोन्ही टोकदार होऊन त्या वळणाला तोलतात. डोळा लहान केला की बाकी सगळं उगाच वाटतं. या मुलीनं नंतर उत्तरपत्रिकेत 'डोळे कमळाच्या पाकळीसारखे' हे वाक्य लिहिलं असेलच, पण ते तिनं हातानं मिळवलेलं होतं.

दुसरा प्रयोग मगाचा. तोच मग, तेच कांदे, तेच कापड. म्हटलं, लघुचित्रातल्यासारखं काढ. प्रत्येक वस्तू जिथून सर्वांत ओळखू येईल तिथून. तिला फार अवघड गेलं. शिकलेला हात पुन्हा पुन्हा लंबवर्तुळाकडे पळत होता. शेवटी कापड वरून, चौकोनी, काठासकट आलं. मग कानासह बाजूनं आला. कांद्याचं मूळ आणि शेंडा दोन्ही दिसले. तिनं विचारलं, "परीक्षेत चालेल का?" वस्तुचित्राच्या पेपरात चालणार नाही, असं मी स्वच्छ सांगितलं. चित्ररचनेत बघ, म्हटलं.

तिसरा प्रयोग म्हणण्यापेक्षा गप्पाच. अकरावीच्या पुस्तकात चित्राची सहा अंगं येतात: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेतली ही यादी. मुलं ती पाढ्यासारखी म्हणतात. पण प्रमाण आणि सादृश्य ही अंगं यादीत आहेत याचा अर्थ आपल्या चित्रकारांना मापाची आणि सारखेपणाची पर्वा होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात तर शरीर वळलं की कुठला भाग आकसतो आणि कुठला वाढतो याला क्षय आणि वृद्धी अशी नावंच आहेत. म्हणजे 'त्यांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हतं' असं मोडीत काढता येत नाही, आणि 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' अशी छातीही फुगवता येत नाही. त्यांचा नियम वेगळ्या प्रश्नाला उत्तर देत होता. आपला वस्तुचित्राचा नियम विचारतो की एका जागी एक डोळा मिटून उभं राहिल्यावर काय दिसतं. रामदास विचारत होता की त्या दिवशी त्या वाड्यात काय काय घडलं. जयपूरच्या गुमानच्या 'चित्रकूटावर भरतभेट' या चित्रात तीच पात्रं पुन्हा पुन्हा येतात, कारण भेट एका क्षणात उरकत नाही. आधी मातांना भेटायचं, गुरूंना भेटायचं. एका चौकटीत वेळ पुढे सरकतो. आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर चित्रकथ्यांनी गोष्टीला पानामागून पान लावलं, गुमाननं तेच एका पानात केलं.

हे बोलताना मला माझे दोन आजोबा आठवत होते, पण त्या वेळी मी ते तिला सांगितलं नाही.

दख्खनी शैलीच्या धड्याला मात्र मला राग येतो. शैलीचा नव्हे, आपल्या बेफिकिरीचा. मुलं 'चांदबिबी पोलो खेळताना' हे चित्र पाठ करतात. चांदबिबी आपल्या अहमदनगरची. तिचा बाप हुसेन निजामशहा. त्याच्या गौरवाचं 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे १५६५ नंतरच्या काही वर्षांतलं सचित्र हस्तलिखित, दख्खनी चित्रकलेचा अगदी आरंभीचा नमुना, आहे कुठं? पुण्यात, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात. त्यात आज बारा चित्रं आहेत. बहुतेक चित्रांत सुलतानाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. चांदबिबीची आई ती. नवऱ्यामागे तिनं मुलाच्या नावानं राज्य चालवलं आणि पुढे मुलानंच तिला कैद केलं. चित्रातल्या रिकाम्या डागावरून एवढा इतिहास बाहेर येतो. पुण्याच्या शाळांत या हस्तलिखिताचं एखादं मोठं, नीट छापलेलं चित्र भिंतीवर असायला काय हरकत आहे? साताऱ्याच्या मुलांना वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत. सहल महाबळेश्वरला त्याच रस्त्यानं जाते.

आमच्या औंधचं तर काय सांगू. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९१६ साली चित्ररामायण प्रसिद्ध केलं, अजिंठ्यावर १९३२ साली पुस्तक काढलं, आणि १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, लघुचित्रं, हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्प, हे सगळं एका खेड्यात, टेकडीवर. मी शाळेतून तिथं गेलो होतो, रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. 'हात लावू नका' एवढंच लक्षात राहिलं. माझी दुकानांची रांग मी ती लघुचित्रं पाहून वरून काढली, असा दावा मी करणार नाही. सगळीच मुलं तशी काढतात. पण त्या रांगेत कुणी मला थांबवून म्हणालं असतं की बघ, हेही तसंच काढलंय, तर बरं झालं असतं.

डिसेंबरात त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन औंधला गेलो. रविवर्म्यापाशी ती फार थांबली नाही. लघुचित्रांपाशी गेल्यावर काचेवर बोट न लावता तिनं आपली वीत चित्रासमोर धरली आणि आईला म्हणाली, "अगं, एवढंसंच आहे." मग पाऊण तास ती एका दरबारी बैठकीसमोर वही घेऊन बसली. मी बाहेर येऊन वाऱ्याला उभा राहिलो होतो. ती आली आणि म्हणाली, "काका, तो गालिचा वरूनच काढायला लागतो. आपल्या पद्धतीनं काढला तर मागच्या रांगेतली माणसं पुढच्यांच्या आड जातात. मग कोण कोण आलं होतं ते कसं कळणार?"

तेव्हा मी तिला जत्रेच्या चित्राची गोष्ट सांगितली. पाल, बत्तासे, दोन आजोबा, सगळं. ती हसली नाही. म्हणाली, "ते चित्र आहे का तुमच्याकडे?"

सरावाचं कधीच रद्दीत गेलं, आणि परीक्षेतलं परत मिळत नाही, म्हटलं.